उझबेकिस्तान, एकटीने, नऊ दिवसांत: खिवा घ्यावं की सोडावं?

तंतुवाद्य (मिरज)

नमस्कार मंडळी. बँकेने अखेर सलग रजा मंजूर केली आहे. मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून ऑक्टोबरात नऊ दिवस हातात येतात. उझबेकिस्तानला जायचं पक्कं केलंय. एकटीने, पाठीवर सॅक टाकून. टूरवाल्यांकडे चौकशी केली होती, त्यातल्या एकाने जो आकडा सांगितला त्यात आमच्या गावात दोन सतारी आणि वर एक तंबोरा येईल. तेव्हा ते नको.

माझ्याबद्दल थोडं: वय ४६, गुडघे अजून शाबूत, शाकाहारी (अंडं चालतं), रशियन आणि उझबेक दोन्ही शून्य. भारतात एकटी भरपूर फिरले आहे, परदेशात एकटीने हे पहिल्यांदाच. घरातून विरोध नाही, फक्त सासूबाईंचं म्हणणं की "एवढं लांब जायचंच तर मग काशी काय वाईट?"

कच्चा आराखडा असा: दिल्लीहून ताश्कंद, मग समरकंद, बुखारा, खिवा आणि परत ताश्कंद. नकाशा उघडला आणि घोडं तिथेच अडलं. पहिली तीन गावं बऱ्यापैकी एका ओळीत आहेत, खिवा मात्र पार पश्चिमेला, तुर्कमेनिस्तानच्या सीमेला टेकलेलं. तिथून ताश्कंदला परतायचं म्हणजे अख्खी रात्र रेल्वेत किंवा पुन्हा विमान. एका गावासाठी एवढं करावं का? की ते सोडून बाकीची तीन निवांत बघावीत? जेवणाचं, पैशांचं, एकट्या बाईने फिरण्याचं जे काही माहीत असेल तेही सांगा. इंग्रजी व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय, सगळे जण ड्रोन उडवतात आणि पुलाव खातात.

उंटावरचा_शहाणा

आयडीला जागून सल्ला देतो. खिवा घ्या, पण शेवटी नाही, सगळ्यात आधी.

बहुतेक लोक तुमच्यासारखीच आखणी करतात, ताश्कंदहून पुढे पुढे सरकत जातात आणि खिव्याला पोचेपर्यंत निळ्या घुमटांचा कंटाळा आलेला असतो. वर परतीचं विमान डोक्यावर. त्याऐवजी ताश्कंदला उतरलात की दुसऱ्या दिवशी सकाळीच देशांतर्गत विमानाने उर्गेंचला जा. दीड तासाचं उड्डाण. उर्गेंच ते खिवा साधारण ३५ किलोमीटर, टॅक्सी मिळते. मग तिथून पूर्वेकडे परतत या: खिवा, बुखारा, समरकंद, ताश्कंद. सगळ्यात लांबचे पल्ले सुरुवातीलाच उरकतात. खिवा-बुखारा रेल्वेने सहा तासांच्या आसपास, बुखारा-समरकंद वेगवान गाडीने दीड-दोन तास, समरकंद-ताश्कंद सव्वादोन तास.

यात आणखी एक फायदा आहे. लांबच्या टप्प्यात काही बिनसलं, विमान रद्द झालं, गाडी चुकली, तरी पुढे सावरायला दिवस उरतात. शेवटच्या टप्प्यात गाड्याही सगळ्यात जास्त आहेत. एक चुकली तरी त्याच दिवशी दुसरी मिळण्याची शक्यता असते, वेगवान नाही तर साधी. उलट क्रमाने गेलात आणि खिव्यात अडकलात तर थेट दिल्लीचं विमान हुकतं.

डोंगरवेडा

शहाणे, आखणी फक्कड आहे, पण मूळ प्रश्न टाळलात. खिवा हवंच कशाला? तटबंदीच्या आत सगळं घासूनपुसून मांडून ठेवलंय. जुने मदरसे होते तिथे हॉटेलं आणि भेटवस्तूंची दुकानं. आत राहणारी माणसं आहेत, नाही असं नाही, पण मुख्य रस्त्यावर टोप्या आणि लाकडी रेहाल (ग्रंथ ठेवायचे घडीचे स्टँड) विकणारेच जास्त.

मी असतो तर खिवा वजा करून ते दिवस नुराताच्या डोंगरांत घातले असते. समरकंदहून गाडीने तीन-चार तास. सेंतोब नावाचं गाव आहे, ओढ्याच्या काठाने अक्रोड आणि तुतीची झाडं, लोक घरात राहायला ठेवतात, घरचंच खाऊ घालतात. पुढे आयदारकुल तलावाकडे वाळवंटात तंबूंचे तळ आहेत. हा देश म्हणजे काही नुसत्या फरशा नव्हेत.

हौस असेल तर समरकंदहून ताजिकिस्तानातल्या पंजकेंतला जाऊन सात तलावही बघता येतात. सीमा जवळ आहे.

खमंग_काकडी

डोंगरवेडा, ताजिकिस्तानचं सांगताना अर्धीच गोष्ट सांगितलीत. भारतीयांना उझबेकिस्तानचा साधा इ-व्हिसा मिळतो तो एकाच प्रवेशाचा, वीस डॉलरचा, तीस दिवसांसाठी. एकदा पंजकेंतला गेल्या की तंतुवाद्यताई परत समरकंदला येऊ शकणार नाहीत. दोन प्रवेशांचा व्हिसा वेगळा, त्याचे पैसे वेगळे, शिवाय ताजिकिस्तानचा व्हिसा निराळाच. नऊ दिवसांच्या सहलीत हा उपद्व्याप कुणी करू नये.

खिव्याबद्दल मात्र मी भांडणार. दिवसा दहा ते चार या वेळात डोंगरवेडा म्हणतात तसंच आहे. बसगाड्या येतात, झेंडेवाले गाईड येतात. म्हणून इचान-कलाच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या खिव्याच्या, तटाच्या आत मुक्काम करायचा. संध्याकाळी गर्दी ओसरली की गल्ल्यांत पोरं सायकली हाकतात, बायका दारातल्या तंदुरात रोट्या लावतात. मी एका दारात थांबून बघत राहिले. ती बाई जाड सुती हातमोजा घालून कमरेपर्यंत भट्टीत वाकायची, उशीसारख्या गादीवर पसरलेली रोटी आतल्या भिंतीवर थापायची. त्याआधी मधोमध खिळ्यांच्या शिक्क्याने टोचे मारायची, म्हणजे मधला भाग फुगत नाही आणि नक्षीही उठते. तिने गरम रोटी माझ्या हातात ठेवली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. हे खरेदीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत.

जुम्मा मशीद सकाळी उघडल्या उघडल्या बघा. दोनशेहून जास्त लाकडी खांब, काही दहाव्या-अकराव्या शतकातले, प्रत्येकाचं कोरीवकाम निराळं. छताच्या झरोक्यातून उजेड पडतो तेवढाच. तिथे मी फोन बाहेर काढलाच नाही. आणि तो बुटका निळा मिनार, कल्ता मिनोर. मुहम्मद अमीन खानाला प्रचंड उंच करायचा होता म्हणे. १८५५ साली तो लढाईत मारला गेला आणि काम जिथल्या तिथे थांबलं. पूर्ण झाला असता तर इतका देखणा दिसला नसता असं माझं मत.

तंतुवाद्य

उलट्या क्रमाची कल्पना मला सुचलीच नव्हती. शहाणे, दंडवत. खमंगताई, जेवणाचं आणि एकटीने फिरण्याचं सविस्तर लिहाल का?

खमंग_काकडी

लिहिते. एकटीने फिरायला मला हा देश सोपा गेला. रात्री नऊ-दहाला बुखाऱ्याच्या ल्याबी-हौज तळ्याभोवती आज्या, नातवंडं, नवी जोडपी सगळी बसलेली असतात. त्रास झाला तो एवढाच की फोटो काढून घ्यायला लोक थांबवतात, त्यातही कॉलेजच्या मुली आणि आज्या जास्त. "हिंदुस्तान?" असं विचारतात आणि राज कपूर किंवा मिथुनचं नाव घेऊन गाऊन दाखवतात. टॅक्सीसाठी यांडेक्सचं ॲप वापरा, भाव आधीच कळतो, घासाघीस नाही. डोकं झाकायला एक हलकी ओढणी पुरे, तीही समरकंदच्या शाह-ए-झिंदा कबरस्थानासारख्या ठिकाणी. रस्त्यावर बायका सर्रास जीन्समध्ये दिसतात.

जेवण. इथे जरा कस लागतो. पुलाव, म्हणजे त्यांचा ओश, मेंढीच्या चरबीत होतो, त्यातून मटण बाजूला काढून दिलं तरी उपयोग नाही. "गोश्तसिझ" म्हणजे मांस नको, हा शब्द पाठ करा, पण रस्सा मटणाचाच असू शकतो हे धरून चाला. निर्धास्त खाण्याजोगं बरंच आहे: नॉन म्हणजे त्यांची रोटी, टोमॅटो-कांद्याची आचिचुक कोशिंबीर, घट्ट दही, लाल भोपळ्याचा सोम्सा (विचारून घ्या, काही ठिकाणी त्यातही चरबी घालतात), उकडलेली अंडी, बटाटे, आणि फळं. ऑक्टोबरात खरबूज, डाळिंबं, द्राक्षं अशी असतात की आपली तासगावची मंडळीही मान डोलावतील. हिंदुस्थानात चांगली द्राक्षं-खरबुजं नाहीत म्हणून बाबराने आठवणींत कुरकुर करून ठेवली आहे. तिथलं खरबूज खाल्लं की त्याची कुरकुर पटते.

बाजारात हिरवे मूग दिसले तर चकित होऊ नका. मूग तिथे "मोश", आणि मूग-तांदळाची खिचडीही करतात, फक्त बहुतेकदा मांस घालून. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर बिनमांसाची करून देतात. सकाळची न्याहारी तर एवढी मांडतात की दुपारचं निभतं. सोबत थोडा मेतकूट आणि चटणीची पुडी घ्या. मेतकूट-दही-नॉन हा मेळ एकदा जमवून बघाच.

हो, रोटी उलटी ठेवू नका आणि सुरीने कापू नका, हाताने मोडायची. कुणी रागावत नाही, पण वडीलधारं माणूस हळूच सुलटी करून ठेवतं.

नागपुरी_संत्री

माझा पुतण्या समरकंदला डॉक्टरकीचं शिकून राहिला आहे. तिथे आपली पोरं खूप आहेत, त्यामुळे वरण-भात मिळणाऱ्या खानावळी सापडतात. एखाद्या दिवशी जीव अगदीच कासावीस झाला तर समरकंदला पोटभर जेवून घ्या. बुखाऱ्यात पण पोरं आहेत.

पुतण्याने सांगितलेली महत्त्वाची गोष्ट औषधांची. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची आणि दुखण्याची औषधं, झोपेच्या गोळ्या, यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. आपल्याकडे घराघरात पडून असतात आणि सॅकच्या कप्प्यात विसरून राहतात. कप्पे उलटे करून झटका. जी लागतातच ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट न्या, आणि कस्टममध्ये जाहीर करा. ड्रोनचं तर नावच नको, नेणंच बेकायदा आहे. ताईंनी पाहिलेले ते व्हिडिओवाले कसे उडवतात ते त्यांनाच ठाऊक.

गनिमी_कावा

दिल्लीत कत्तल करणाऱ्या तैमूरची कबर बघायला पैसे खर्चून जायचं? आपल्याकडे साडेतीनशे किल्ले आहेत, ते बघून झाले का सगळे?

उंटावरचा_शहाणा

किल्ले बघून झालेले नाहीत, म्हणून अजून जिवंत आहे. पण मुद्दा गंभीर आहे, म्हणून गंभीरपणे उत्तर देतो.

तैमूरने १३९८ मध्ये दिल्ली लुटली आणि लगेच पुढच्या वर्षी समरकंदात बीबी-खानम मशिदीचं काम काढलं. दगड वाहायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते, असं जुने इतिहासकार सांगतात. कारागीरही जिंकलेल्या मुलखांतून धरून नेलेले. त्या मशिदीसमोर उभं राहिल्यावर हे डोक्यात असलं की नुसतं "वा, काय सुंदर" म्हणून पुढे जाता येत नाही. मला तर वाटतं आपण लोकांनीच तिथे जायला हवं. तिथल्या पाट्यांवर दिल्लीचा उल्लेख शोधावा लागतो. तो शोधणारं कुणीतरी हवं.

आणि त्याच तैमूरचा नातू उलुग बेग. राज्यकारभारात रस बेताचा, ग्रहताऱ्यांत जास्त. १४२० च्या दशकात त्याने वेधशाळा बांधली, ४० मीटर त्रिज्येची कमान जमिनीत खोल उतरवलेली, आणि हजाराहून जास्त ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. पुढे सवाई जयसिंगाने दिल्ली-जयपूरच्या वेधशाळा उभारताना उलुग बेगचं काम समोर ठेवलं होतं. १४४९ साली पोटच्या पोराने त्याला मारवलं आणि वेधशाळा उद्ध्वस्त झाली. ती नेमकी कुठे होती हेही लोक विसरले. १९०८ मध्ये व्यात्किन नावाच्या संशोधकाने जुन्या कागदांवरून जागा शोधून काढली. आज त्या कमानीचा जमिनीखालचा तुकडा तेवढा दिसतो. वरून वाकून बघायचा, दगडात अंशांच्या खुणा आहेत. रेगिस्तान नावाच्या चौकातल्या तिन्ही मदरशांपेक्षा मला तो तुकडा जास्त आवडला.

खिव्याच्या बाजूला, ख्वारझमात, अल-बिरुनी जन्मला, ९७३ साली. गझनीच्या महमूदाबरोबर इकडे आला आणि संस्कृत शिकून आपल्या चालीरीती, गणित, ज्योतिष यांवर जाडजूड ग्रंथ लिहून गेला. कावाभाऊ, लुटारू आणि अभ्यासू दोघंही त्याच मातीतले. एकावर राग धरून दुसऱ्याला का वगळायचं?

गनिमी_कावा

बिरुनीपुरतं मान्य. तैमूरच्या कबरीला माझा रुपया नाही.

संपादक मंडळ

पुढचा इतिहास कृपया इतिहास विभागात. इथे सहलीचं बोला. तैमूरवरचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

आबा_ओझरकर

तंतुवाद्यताई, आमच्या काळी मॉस्कोहून येणारं विमान ताश्कंदला उतरून मग दिल्लीला यायचं. तेव्हापासून त्या गावाचा लळा. लोक ताश्कंदला नुसता थांबा समजतात, एक दिवसही देत नाहीत. तुम्ही द्या.

एक तर मेट्रो. १९७७ साली सुरू झालेली, मध्य आशियातली पहिली. तेव्हा स्टेशनात कॅमेरा काढला तर पोलीस धावत यायचा, २०१८ पासून फोटोंना मुभा आहे. कोस्मोनावत्लार स्टेशनच्या निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा आहेत, आणि त्यांच्या जोडीला शहाण्यांचा तो उलुग बेगसुद्धा. पाख्ताकोर स्टेशनवर कापसाच्या बोंडांची नक्षी. या कापसापायीच नद्यांचं पाणी वळवलं आणि अरल समुद्र आटला, हे ती बोंडं बघताना आठवावं.

दुसरं, शास्त्रीजींचं स्मारक. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारखेला पहाटे, ते गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री, शिष्टमंडळाबरोबर ताश्कंदातच होते. त्याच वर्षी २६ एप्रिलला भूकंप झाला आणि जुनं ताश्कंद बरंचसं जमीनदोस्त झालं. म्हणून शहर असं रुंद रस्त्यांचं, सोव्हिएत थाटाचं दिसतं. जुनी वस्ती बघायची तर चोर्सू बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत शिरा.

शून्य_शिल्लक

पैशांचं मी सांगतो, आयडी बघून घाबरू नका.

एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम. थोडे डॉलर बदलले की नोटांचं पुडकं हातात येतं आणि आपण लक्षाधीश. काळ्या बाजारात पैसे बदलण्याचे जुने किस्से इंटरनेटवर अजून फिरतात, ते २०१७ च्या आधीचे. आता बँकेत आणि बाहेर भाव एकच. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या करकरीत न्या, दुमडलेली किंवा शाईचा डाग पडलेली नोट परत करतात. एटीएम शहरांत मुबलक, खिव्यात कमी, तिथे जाण्याआधी रोख काढा.

राहण्यावर काटकसर करायची तर हॉस्टेल, पण बुखारा आणि खिव्यात घरगुती गेस्टहाउस घ्या. अंगण, तुतीचं झाड, चहा, आणि घरची माणसं. तुमच्या बजेटचा मोठा घास विमान खाणार. तिथे पोचल्यावर खर्च आपल्या कोकण सहलीएवढाच.

प्रत्येक मुक्कामी हॉटेलवाले तुमची सरकारी नोंदणी करतात. त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि देश सोडेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवा. सहसा कुणी बघत नाही. बघितलं आणि नसली तर दंड.

डोंगरवेडा

खिवा-बुखारा रेल्वेऐवजी रस्त्याने केलं तर? किझिलकुम वाळवंट, मधे अमूदर्या नदी. रेल्वेच्या खिडकीपेक्षा मजा.

खमंग_काकडी

केलंय. साडेचारशे किलोमीटर, सातेक तास. तिथलं वडाप म्हणजे चार सिटांची मोटार, चारही सिटा भरल्याशिवाय हलत नाही. एकटीने जाताना एकतर थांबून राहा किंवा रिकाम्या सिटांचे पैसे भरा. वाळवंट पहिला तासभर छान वाटतं. मग तेच. रेल्वेत निदान पाय मोकळे करता येतात. मला प्लात्सकार्त मिळालं होतं, म्हणजे आपला स्लीपर, कप्प्यांना दारं नसलेला. समोरच्या बाकावरच्या आजींनी बसल्या बसल्या कापड पसरलं, वर नॉन, अंडी, टोमॅटो, मिठाची पुडी, आणि मला न विचारता माझ्यापुढे चहाची वाटी सरकवली. वाटी अर्धीच भरतात. पुन्हा पुन्हा भरण्याची संधी मिळावी म्हणून, असं त्यांच्या नातवाने मोडक्या इंग्रजीत समजावलं. पाहुण्याला काठोकाठ भरून दिली तर "आता निघा" असा अर्थ होतो.

फक्त ही गाडी सोयीच्या वेळेला रोज असतेच असं गृहीत धरू नका. आधी तिचा वार बघा, मग त्यावर विमानाची तारीख बसवा. उलटं केलंत तर सगळी आखणी कोसळेल.

उंटावरचा_शहाणा

काकडींना अनुमोदन. रेल्वेबद्दल आणखी थोडं. अफ्रोसियोब ही स्पॅनिश बनावटीची वेगवान गाडी, ऑक्टोबर म्हणजे भर हंगाम, तिकिटं झटकन संपतात. विक्री खुली झाल्या दिवशी रेल्वेच्या ॲपवरून काढा. ती नाही मिळाली तर रडत बसू नका, शर्क नावाची गाडी आहे, ताश्कंद-समरकंद साडेतीन तासांत जाते आणि स्वस्त आहे. तिकिटावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. स्टेशनच्या दारातच पासपोर्ट आणि तिकीट तपासतात, सामान यंत्रातून जातं. गाडी सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा, आपल्यासारखं धावत्या गाडीत चढणं नाही.

ताश्कंदला दोन स्टेशनं आहेत, उत्तर आणि दक्षिण. तिकिटावर कोणतं आहे ते वाचा. बुखाऱ्याचं स्टेशन गावात नाहीच, कागानला आहे, दहा-पंधरा किलोमीटर लांब. १८८८ च्या सुमारास रशियनांनी रूळ टाकले तेव्हा पवित्र शहराच्या जवळ हे धूड नको, अशी तिथल्या लोकांची भावना होती. आगगाडीला ते शैतान-अरबा म्हणायचे, सैतानाची गाडी. त्या हट्टाचे पैसे आज आपण टॅक्सीवाल्याला देतो.

विमानाचं: २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर इंडिगोने ताश्कंदची सेवा थांबवली होती. आपल्याकडून उत्तरेला जाणाऱ्या विमानांचं सगळं गणित त्या हद्दीवर अवलंबून आहे. तिकीट काढायच्या दिवशी काय चालू आहे ते बघा, आणि मिरज-दिल्ली आणि दिल्ली-ताश्कंद यांत भरपूर अंतर ठेवा.

तंतुवाद्य

सगळ्यांचं वाचून असं बसवलंय. खिवा-बुखारा गाडीचा वार आधी बघितला, काकडीताई म्हणाल्या तसं.

शनिवारी ताश्कंद, संध्याकाळी चोर्सू बाजार आणि मेट्रो. रविवारी सकाळी विमानाने उर्गेंच, खिव्यात तटाच्या आत दोन रात्री. मंगळवारी रेल्वेने बुखारा, तिथे दोन रात्री. गुरुवारी दुपारी अफ्रोसियोबने समरकंद, दोन रात्री. शनिवारी दुपारपर्यंत समरकंद, संध्याकाळी ताश्कंद, रविवारी सकाळी शास्त्रीजींचं स्मारक आणि मग विमान. सोमवारी बँकेत (डोळे उघडे राहिले तर).

डोंगरवेडा, नुराता यात बसत नाही, रागावू नका. आटलेल्या अरल समुद्राकाठच्या मोयनाकची वाळूतली जहाजं बघायची फार इच्छा होती, नुकूसचं चित्रसंग्रहालयही, पण खिव्याहून आणखी वर जायचं म्हणजे बुखारा अर्धा करावा लागेल. सोडलं.

एकच शंका: बुखाऱ्यात दोन रात्री पुरतील का?

डोंगरवेडा

रागावलो नाही. समरकंदची एक रात्र कमी करून बुखाऱ्याला द्या. समरकंद हे आजचं मोठं शहर आहे, स्मारकं लांब लांब, मधे हमरस्ते. बुखाऱ्यात मात्र पायी फिरायचं, आणि त्याला वेळ लागतो. ११२७ चा कल्यान मिनार, चंगेजखानानेही ज्याला हात लावला नाही. तो दुपारच्या उन्हात, संध्याकाळी आणि दिवे लागल्यावर असा तीन वेळा बघायचा. समानी घराण्याची कबर विटांची, एकही रंगीत फरशी नाही, तरी उन्ह सरकेल तशी नक्षी बदलत जाते. मुलतानी हिंदू सावकार-व्यापारी इथल्या सरायांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. खिवा मी नाकारलं, बुखारा मी कुणाला नाकारू देणार नाही.

उंटावरचा_शहाणा

इथे मी डोंगरवेड्याच्या विरोधात. समरकंदला रेगिस्तान, गूर-ए-अमीर (तैमूरची कबर), शाह-ए-झिंदा, वेधशाळा, अफ्रासियाब या प्राचीन नगरीचं संग्रहालय. एका दिवसात उरकलंत तर नुसतं तिकीट फाडणं होईल. ताईंनी आहे तसंच ठेवावं.

नागपुरी_संत्री

माझ्या पुतण्याचं मत समरकंद. पण तो खानावळीमुळे.

तंतुवाद्य

आहे तसंच ठेवलं. तिकिटं काढली, व्हिसा तीन कामाच्या दिवसांत आला, फोटो एकदा नाकारला गेला होता, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र हवी. अफ्रोसियोब एका बाजूची मिळाली, दुसऱ्या बाजूला शर्क. सॅकचं वजन सात किलोच्या आत बसवतेय, त्यात मेतकूट पाव किलो. ऑक्टोबरात रात्री किती गार होतं? स्वेटर पुरेल की जाकीट?

खमंग_काकडी

दुपारी पंचवीसच्या आसपास, पहाटे दहाच्याही खाली जाऊ शकतं, खिव्यात वारा असतो. एक जाड, वारा अडवणारं जाकीट घ्या आणि स्वेटर घरी ठेवा. बूट वापरून मऊ झालेले. तटावर चढायच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत.

आबा_ओझरकर

आणि शास्त्रीजींच्या पुतळ्याला माझ्या नावाने एक फूल. फूलवाल्या चोर्सूत बसतात. तिथे लोक स्मारकावर दोन फुलं ठेवतात, सम संख्येत, आणि जिवंत माणसाला द्यायची तर विषम. तेवढं बघून घ्या.

मोगरा_बंगळुरू

छान धागा, वाचनखूण साठवली. मला हेच सगळं डिसेंबरात आईला घेऊन करायचंय, आई ७२ वर्षांची, थंडी सोसत नाही. जमेल का?

उंटावरचा_शहाणा

डिसेंबरात पारा शून्याखाली जातो. नवा धागा काढा, आईंच्या गुडघ्यांची माहिती आधी लिहा.